दवाखान्यातून परतताना

(वरवे बुद्रुक येथे भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी मला ‘शिक्षण आणि समाज’ या विषयावर चार शब्द बोलण्यास सांगितले होते. मी त्यांची क्षमा मागून विषय थोडा बदलून घेतला आहे. आज मी सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागाविषयी, म्हणजे जिथे आपण केसपेपर काढतो, रांगेत बसतो, तपासून घेतो आणि गोळ्या घेऊन घरी परततो त्या ठिकाणाविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. चौतीस वर्षे शाळेत मुलांना शिकविले, एवढीच माझी पुंजी. मग हा विषय मी का घेतला, असे आपण विचाराल. त्याचे कारण माझ्या घरात घडले आहे. ते आधी सांगतो.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, हमरस्त्यावर गॅरेज असलेल्या आपल्या मुलाकडे राहते. काही वर्षांपूर्वी तिचे डोके वरचेवर दुखू लागले. मी स्वतः तिला एका सरकारी केंद्रात घेऊन गेलो. त्या केंद्राचे नाव मी घेणार नाही. ते या तालुक्यातले नव्हते, आणि मला तक्रार मांडावयाची नसून आमची चूक सांगावयाची आहे. गर्दी पुष्कळ होती. दीड तास बसलो. डॉक्टर तरुण आणि सौम्य बोलणारे होते. त्यांनी रक्तदाब मोजला, तो वाढलेला होता. केसपेपरवर काही लिहिले आणि “गोळ्या घेत जा” म्हणाले. औषधखिडकीवर तीस गोळ्या मिळाल्या. पैसे पडले नाहीत. बाहेर पडताना नर्सिंगच्या दोन विद्यार्थिनी छापील कागद घेऊन उभ्या होत्या. “मावशी, इथल्या सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?” आपा म्हणाली, “बहुत अच्छा है, बेटी.” मीही मान हलविली. त्या मुलीने ‘समाधानी’ या चौकटीत खूण केली.

तीन महिन्यांनी एका पहाटे आपाचा उजवा हात उचलेना. तोंड वाकडे झाले. लकवा! पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, “रक्तदाबाची गोळी रोज चालू होती का?” आपा अडखळत म्हणाली, “सर दुखे तभीच खाती थी.” घरी येऊन उशीखाली पाहिले, तर तीसपैकी एकोणीस गोळ्या तशाच होत्या. डोके दुखले की गोळी, थांबले की बंद. ती गोळी डोकेदुखीची नाही, रक्तदाबाची आहे, रोज घ्यावयाची आहे आणि बरे वाटले तरी सोडावयाची नाही, महिन्याने पुन्हा जावयाचे आहे, हे तिला कोणी समजावून सांगितले नव्हते. केसपेपरवर मात्र ते लिहिलेले होते. इंग्रजी आद्याक्षरांत ‘ओ. डी.’ म्हणजे दिवसातून एकदा, आणि पुढे ‘तीस दिवस’. तो कागद माझ्याच पिशवीत होता. चौतीस वर्षे इतरांच्या मुलांना वाचावयास शिकविणाऱ्या माणसाने आपल्या बहिणीचा कागद उलगडून वाचला नाही.

आपा वाचली, अल्लाहचे उपकार. पण बंधुभगिनींनो, मला राहून राहून त्या चौकटीतली खूण आठवते. त्या दिवशीच्या हिशेबात माझी बहीण ‘समाधानी रुग्ण’ म्हणून मोजली गेली. ते खोटेही नव्हते. ती खरोखरच समाधानी होती. फक्त तिला जे मिळावयास हवे होते ते मिळाले नव्हते, आणि ते मिळाले नाही हे तिला ठाऊकही नव्हते.

आजच्या भाषणात मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. ‘बरं आहे’, ‘अच्छा है’ म्हणून बाहेर पडणे हे समाधान नव्हे. आपल्याला काय झाले आहे आणि आता घरी जाऊन काय करावयाचे आहे, हे समजून बाहेर पडणे, हे खरे समाधान. आणि ते मिळविण्यासाठी शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचा उपयोग होऊ शकतो.

आपण प्रथम आपल्या भागाची व्यवस्था पाहू. आपल्या देशात सरकारी आरोग्यसेवेचा जो आराखडा आहे त्याचे मूळ १९४३ साली नेमलेल्या आणि १९४६ साली अहवाल देणाऱ्या भोर समितीत आहे. विद्यार्थी मित्रांनो, या नावाने गोंधळू नका. आपल्या भोर गावाशी किंवा संस्थानाशी त्या समितीचा संबंध नाही. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले गृहस्थ होते. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही माणूस उपचारावाचून राहू नये, हे त्या अहवालाचे सूत्र होते. त्यातून पुढे पायऱ्या ठरल्या. मैदानी भागात ५,००० आणि डोंगरी भागात ३,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र. ३०,००० आणि डोंगरी भागात २०,००० लोकांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र. त्यांच्यावर ३० खाटांचे मोठे केंद्र, ज्याला आपल्या महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालय म्हणतात. वरव्याच्या माणसाला नसरापूरचे आरोग्य केंद्र जवळचे. वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे, भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि त्याहून गंभीर असेल तर कात्रज ओलांडून थेट ससून. ही वाट आपणा सर्वांच्या पायाखालची आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाने आपल्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सर्व सेवा निःशुल्क केल्या. ही मोठी गोष्ट आहे. परंतु फुकट मिळते म्हणून विचारू नये, असा एक समज आपल्या मनात घट्ट बसला आहे. ‘फुकटात एवढे मिळाले, आणखी काय पाहिजे?’ असे आपण म्हणतो. माझे म्हणणे असे की, ते फुकट नाही. तुम्ही काडेपेटी विकत घेता, डिझेल भरता, त्यावर कर देता. त्या करातून ही गोळी आलेली आहे. यास्तव नीट समजून घेणे हा उद्धटपणा नव्हे.

आता डॉक्टरांची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. २०१७ साली ६७ देशांतील अभ्यास एकत्र करून एक पाहणी प्रसिद्ध झाली. पहिल्या पायरीवरचा डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतो, हे तीत पाहिले होते. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, आपल्या शेजारच्या बांगलादेशात अवघे ४८ सेकंद, आणि भारतात सुमारे दोन मिनिटे. दोन मिनिटांत नाव विचारावयाचे, तक्रार ऐकावयाची, तपासावयाचे आणि लिहावयाचे. बाजाराच्या दिवशी रांग दारापर्यंत आली की त्या माणसाचे काय होत असेल याचा विचार करा. डॉक्टर वाईट आहे म्हणून तो समजावून सांगत नाही, असे दर वेळी नसते. पुष्कळदा त्याला वेळच नसतो, आणि आपण विचारत नाही म्हणून आपल्याला समजले असे तो धरून चालतो. दोन्हीकडून शांतता, आणि मधल्या मध्ये औषध उशीखाली जाते.

ॲव्हेडिस डोनाबेडियन नावाचे एक विद्वान होऊन गेले. जन्म बैरूतचा, पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. त्यांनी १९६६ साली दवाखान्याचे मूल्यमापन करण्याची एक सोपी रीत मांडली. तीन गोष्टी पाहा, असे ते म्हणाले. पहिली, दवाखान्यात काय आहे: इमारत, माणसे, यंत्रे, औषधे. दुसरी, तिथे काय केले जाते: तपासणी, बोलणे, समजावणे. तिसरी, त्यातून रुग्णाचे काय झाले. आपण रुग्ण म्हणून पहिल्या गोष्टीवर खूश किंवा नाखूश होतो. फरशी स्वच्छ होती, बसायला बाक होता, औषध मिळाले. दुसरी आणि तिसरी गोष्ट आपण पाहतच नाही.

उलटपक्षी, कधीकधी आपले समाधान भलत्याच गोष्टीत असते. “सुई दिली नाही, म्हणजे काही दिलेच नाही” असे म्हणणारे आपल्यात किती आहेत! थोडा अशक्तपणा वाटला की सलाईनची बाटली लावून घेतली म्हणजे पैसा वसूल झाला असे वाटते. सरकारी केंद्रातल्या डॉक्टराने “सुईची गरज नाही” असे खरे सांगितले तर आपण नाराज होऊन निघतो, आणि खाजगीत जो गरज नसताना सुई टोचतो त्याच्यावर खूश होतो. म्हणून नुसते ‘समाधानी आहात का?’ असे विचारून दवाखान्याची परीक्षा होत नाही. अर्धांगवायू झालेली माझी बहीण समाधानी होती, आणि योग्य सल्ला मिळालेला दुसरा कोणी असमाधानी असू शकतो.

मग विचारावे कसे? याचे एक चांगले उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यात घडले आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. आपल्या गावातल्या आशाताई या त्याच अभियानातून आल्या. त्या अभियानात २००७ पासून महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’ नावाचा प्रयोग झाला. पुणे जिल्हा त्यांतला एक. पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेने राज्यभरचे संयोजन केले. १५ तालुक्यांतील २२५ गावांपासून आरंभ झाला. त्यांची रीत अशी की, गावातल्या लोकांना एकत्र बसवून ‘सेवा कशी वाटते?’ असे मोघम विचारावयाचे नाही. नर्सबाई गावात येतात का? औषध केंद्रात मिळाले की बाहेरून आणावयास चिठ्ठी दिली? कोणी पैसे मागितले का? वागणूक कशी होती? उत्तरांवरून गावाचे प्रगतिपुस्तक तयार करावयाचे आणि त्यात रंग भरावयाचे. चांगले असेल तर हिरवा, मध्यम असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. पुढे जनसुनवाई भरत असे. तिथे लोक आणि अधिकारी समोरासमोर बसत, आणि ज्याने लाल रंग दिला तो उभा राहून कारण सांगत असे.

जे लोक एरवी ‘बरं आहे’ म्हणून निघून जात, त्यांनीच नेमका प्रश्न विचारल्यावर नेमके उत्तर दिले. कित्येक केंद्रांत बाहेरून औषध आणावयास लावण्याचे प्रकार कमी झाले, आणि पुढच्या फेऱ्यांत लाल रंग घटत गेला. मला यातून शिक्षक म्हणून एक धडा मिळाला. परीक्षेत प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघम येते.

आता आपल्या घरांविषयी थोडे बोलतो. आपण रागावू नये. आपल्या स्त्रिया दवाखान्यात गेल्या तरी पुष्कळदा त्यांच्या वतीने पुरुष बोलतो. दुखणे एकीचे, सांगणारा दुसरा. घरात बोली निराळी, खिडकीवर मराठी, कागदावर इंग्रजी. या तीन भाषांच्या मध्ये आमची खाला, आमची आपा हरवून जाते. पुरुष डॉक्टरासमोर काही दुखणी ती सांगतच नाही आणि घरी येऊन सोसते. रोजंदारीवर जाणारा मनुष्य सकाळच्या वेळी दवाखान्यात बसला तर त्याचा दिवस बुडतो. म्हणून तो अंगावर काढतो आणि फारच झाले की जातो. रमजानमध्ये मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी मनाने बंद करणारे किंवा वेळा मनाने बदलणारे पुष्कळ आहेत. रमजानच्या महिनाभर आधी जाऊन “डॉक्टरसाहेब, रोजे ठेवता येतील का, गोळी सहरीला घ्यावी की इफ्तारनंतर?” एवढे विचारले तर डॉक्टर नक्की मार्ग सांगतील. पण आपण विचारतच नाही. मोठ्या माणसाला उलट विचारणे आपल्याला बेअदबी वाटते.

मी म्हणतो, आपल्या मक्तबातली रीत आठवा. उस्ताद सबक देतात आणि दुसऱ्या दिवशी तोच सबक आपल्या तोंडून ऐकून घेतात. जोपर्यंत आपण तो बरोबर म्हणून दाखवीत नाही तोपर्यंत पुढचा सबक मिळत नाही. ऐकवून दाखविण्यात कोणाची बेअदबी होते का? दवाखान्यातही हेच करावयाचे आहे. औषधखिडकीवर गोळ्या मिळाल्या की तिथेच म्हणावयाचे, “ताई, मी बरोबर समजलो का पाहा. ही पांढरी रोज सकाळी एक, जेवणानंतर. ही दुसरी रात्री. बरे वाटले तरी बंद करावयाची नाही. तीस दिवसांनी परत यावयाचे.” चुकले तर त्या दुरुस्त करतील. याला अर्धा मिनिट लागतो. जगभरच्या आरोग्यसेवेत आता हीच रीत परिचारिकांना शिकविली जाते. आपल्याकडे ती मक्तबात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमचे काम. घरातले कोणीही दवाखान्यात निघाले की सुट्टीच्या दिवशी तुम्ही सोबत जा. पाच प्रश्न वहीत लिहून न्या. मला झाले आहे काय? ही गोळी कशासाठी, केव्हा आणि किती दिवस? बरे वाटले तर बंद करावी का? परत केव्हा यावयाचे? आणि काय झाले तर वेळ न दवडता लगेच यावयाचे? पाचांची उत्तरे त्याच वहीत, आपल्या भाषेत लिहून घ्या. घरी आल्यावर गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य किंवा चंद्र काढा, म्हणजे न वाचता येणाऱ्या आजीलाही सकाळ-रात्र समजेल. जुने केसपेपर फेकू नका, एका पिशवीत तारखेवार ठेवा. पुढच्या डॉक्टराला त्यांचा फार उपयोग होतो.

मुलींना मी विशेष सांगतो. आईसोबत तुम्ही आत गेलात तर जे ती वडिलांसमोर सांगत नाही ते सांगेल. स्त्री-डॉक्टर किंवा सिस्टर आहेत का, हे नम्रपणे विचारा. असतील तर बहुधा सोय होते. आणि पालकांनो, ज्या मुलीला शास्त्राची आवड आहे तिला नर्सिंगला, औषधनिर्माणशास्त्राला, वैद्यकीला पाठवा. आपल्या बोलीत समजावणारी एक मुलगी खिडकीच्या आत बसली तर बाहेरच्या शंभर बायांचा दिवस सोपा होतो.

रक्तदाबाविषयी एक आशेची गोष्टही सांगतो. २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातील त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत नीरेपलीकडचा आपला शेजारी सातारा होता. त्या उपक्रमाचे तत्त्व अगदी साधे आहे. औषधे मोजकीच पण नक्की मिळणारी, एका वेळी महिनाभराची, शक्य तो घराजवळच्या केंद्रात, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून तो आला नाही तर त्याची चौकशी. रुग्णाची खेप वाचली, त्याला समजावले, तर तो औषध सोडीत नाही. आपाच्या बाबतीत नेमके हेच राहून गेले होते. तिने खेप चुकविली, आणि कोणी विचारले नाही. आम्हीही नाही.

मोठ्यांसाठी दोन सूचना करतो. प्रत्येक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यात कोण आहेत, बैठक केव्हा होते, हे आपल्या ग्रामपंचायतीत विचारा. काही चुकत असेल तर हॉटेलात बसून बोलण्यापेक्षा तारीख, वेळ, काय घडले हे चार ओळींत लिहून द्या. ‘दवाखाना वाईट आहे’ असे लिहू नका. ‘अमुक तारखेस रक्तदाबाची गोळी नव्हती, बाहेरून आणावयास सांगितले’ असे लिहा. अशा ओळीवर काहीतरी करता येते. दुसरे, जिथे चांगले वागविले गेले तिथे तेही लिहून द्या. रात्री दोन वाजता उठून बाळंतीण सोडविणाऱ्या नर्सबाईला कोणी दोन शब्दांचे पत्र देत नाही. त्यांनाही समाधान हवे असते.

आपा आता काठी घेऊन चालते. बोलणे थोडे जड आहे. तिची नात आपल्या संस्थेत सातवीत शिकते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ती रोज गोळी दिल्यानंतर फुली करते. गेल्या महिन्यात दोघी दवाखान्यात जाऊन आल्या. मी विचारले, “आपा, कसे होते?” पूर्वी ती म्हणाली असती, “अच्छा था.” या वेळी म्हणाली, “डॉक्टर बोले, दाब अभी भी थोडा जास्ती है, मीठ कम करो, अगले महिने फिर आओ. लोणचं बंद.” आणि मग नातीकडे पाहून कुरकुरली, कारण लोणचे तिला फार आवडते. त्या दिवशी माझी बहीण दवाखान्यावर काही खूश नव्हती. पण तिला सर्व ठाऊक होते.

आज घरी गेल्यावर कपाटातले, उशीखालचे, पिशवीतले केसपेपर बाहेर काढा आणि मुलांना मोठ्याने वाचावयास सांगा. जिथे वाचता येणार नाही तिथे खूण करून ठेवा आणि पुढच्या खेपेस तेवढे विचारून या. माझ्याकडून जे राहिले ते आपल्याकडून राहू नये, एवढीच विनंती.

खुदा हाफिज. नमस्कार.